पाच वर्षांचा भागाकार

आमच्या इस्पितळातल्या एक बाई भागाकार वजाबाकीने करायच्या.

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते आणि त्या शेजारच्या रेकॉर्डच्या खोलीत. एकदा जुन्या फायली तपासायचं काम निघालं. फायली ३१२, माणसं सहा. मी ड्रॉवरमध्ये कॅल्क्युलेटर शोधतेय तोवर बाईंनी एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलंसुद्धा. प्रत्येकाला पन्नास दिल्या, तीनशे गेल्या. उरल्या बारा. दोन-दोन दिल्या. झाल्या बावन्न. मी सहज म्हटलं, सरळ भागायचं ना. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "भागाकार मला येत नाही, पोरी. ज्या वर्षी शिकवणार होते त्या वर्षी शाळेला कुलूप लागलं."

मला वाटलं पूर आला असेल, नाहीतर एखादी साथ.

"किती दिवस?"

"पाच वर्षं."

आम्ही बोलायचो अर्थात इंग्रजीत. पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाई म्हणायचे, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठ्या, ताठ कण्याच्या, रविवारी चर्चला जाताना नेमाने टोपी घालणाऱ्या. अमेरिकेत येऊन मला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. गुलामगिरी, लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, सगळं पुस्तकातून ठाऊक होतं. पण हे सगळं जिच्या अंगावरून गेलं अशी बाई माझ्या शेजारच्या खोलीत बसते आणि त्याची खूण तिच्या गणितात शिल्लक आहे, हे मला त्या पाकिटाने दाखवलं.

बाई व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या. मुख्य गाव फार्मव्हिल, वॉशिंग्टनपासून गाडीने तीनेक तास. आसपास तंबाखूची शेती. १८६५ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली हरत आलेलं सैन्य घेऊन ह्याच गावावरून गेला आणि दोन दिवसांनी जवळच्या अपोमॅटॉक्सला शरण आला. युद्ध तिथे संपलं, पण नंतरची शंभर वर्षं त्या भागात काळ्यांची शाळा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती. काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल बांधलं होतं १८० जणांसाठी आणि मुलं भरली होती साडेचारशे. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. पाऊस आला की छप्पर गळायचं आणि मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. शेगडीजवळ बसेल तो भाजायचा, लांब बसेल तो कुडकुडायचा.

२३ एप्रिल १९५१ ला त्या शाळेतल्या बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना खोटा निरोप धाडून गावात पाठवलं, त्यांच्या नावाने चिठ्ठ्या काढून सगळ्या वर्गांना सभागृहात बोलावलं, पडदा सरकवला आणि पायातला बूट काढून टेबलावर आपटला. सगळी शाळा संपावर गेली. दोन आठवडे. मुलांची मागणी सुरुवातीला फक्त चांगल्या इमारतीची होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी ह्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि म्हणाले, इमारतीसाठी नाही, ही वेगळी बसवण्याची पद्धतच मोडायला लढणार असाल तर आम्ही येतो. मुलं आणि त्यांचे आईबाप तयार झाले. ब्राऊन खटला म्हणून जगाला ठाऊक असलेल्या निकालात जे पाच खटले एकत्र केले होते, त्यातला एक ह्या पोरांचा. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत.

काउंटीच्या कारभाऱ्यांनी पाच वर्षं टाळाटाळ केली. १९५९ साली एकत्र बसवण्याचा हुकूम अगदी दारात आला, तेव्हा त्यांनी शाळांना पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी लगोलग खाजगी शाळा निघाली. काळी मुलं घरी. आपल्या मुलाने त्यांच्याशेजारी बसू नये म्हणून अख्ख्या काउंटीच्या शाळांना टाळं लावणारी माणसं रात्री शांत झोपत होती, देवळात जात होती, शेजाऱ्यांना दारातून नमस्कार करत होती, हे मला आजही समजून घेता येत नाही.

बाई तेव्हा तिसरीत जायच्या होत्या. सप्टेंबरमध्ये नव्या फ्रॉकात शाळेपर्यंत चालत गेल्या, दाराला साखळी होती, परत आल्या. आजीने स्वयंपाकघरात वाचायला शिकवलं, बायबलवरून आणि जुन्या वर्तमानपत्रांवरून. चर्चच्या तळघरात आठवड्यातून काही तास कोणी ना कोणी शिकवायला यायचं. वाचन त्यातून आलं. बेरीज-वजाबाकी दुकानातून आली. भागाकार राहिला. ज्यांचे नातेवाईक बाहेरगावी होते त्यांनी मुलं तिकडे धाडली. ह्यांचं तसं कोणी नव्हतं. पंधरा वर्षांचा भाऊ तंबाखूच्या शेतावर कामाला लागला तो लागलाच. १९६४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठणकावलं तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये सरकारी शाळा उघडल्या. बाई तेराव्याला टेकल्या होत्या आणि वर्गातली पोरं आठ-नऊ वर्षांची. बाक लहान पडायचा. गुडघे वर यायचे, म्हणाल्या.

२००९ सालच्या जानेवारीत बाईंनीच मला विचारलं, "येतेस का ओबामांच्या शपथविधीला?" तिकिटं आमच्याकडे नव्हती. तिकिटं लागतच नव्हती, नुसतं नॅशनल मॉलच्या, म्हणजे संसदेसमोरच्या मोकळ्या, मैदानावर जाऊन उभं राहायचं. नवरा म्हणाला, वेडेपणा आहे, टीव्हीवर चांगलं दिसतं. मुलीला त्याच्यापाशी ठेवलं आणि मी गेले.

२० जानेवारी, मंगळवार. आदला दिवस किंगच्या नावाने सुट्टीचा. मेट्रो पहाटे चारला सुरू होणार होती आणि चारला ग्रीनबेल्ट स्टेशनबाहेर रांग होती. मी ग्रीनबेल्टला राहते. १९३७ साली सरकारने गरीब कुटुंबांसाठी वसवलेलं, झाडाझाडांचं, सहकारी तत्त्वावरचं गाव. आम्हाला ते फार आवडलं म्हणून घर घेतलं. ते बांधायला काळे मजूर होते आणि राहायला त्यांना परवानगी नव्हती, हे मला घर घेऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. कुणी लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी कोणी कोणाला ढकलत नव्हतं. गर्दीत मी मुंबईच्या लोकलने तयार झालेली. पण अशी गर्दी मी पाहिली नव्हती. अनोळखी माणसं एकमेकांच्या आयांची चौकशी करत होती. एका आजीबाईंना चाकाच्या खुर्चीसकट उचलून चार पोरांनी डब्यात घेतलं. आम्ही लाँफाँ प्लाझाला उतरलो, सातव्या रस्त्याने वर आलो आणि मैदानाकडे चालायला लागलो. अंधार, आणि थंडी अशी की नाकातून श्वास घेतला तर आत टोचायचं. दुपारीसुद्धा पारा शून्याच्या वर चढला नाही.

त्या रस्त्याबद्दलही मी नंतर वाचलं. स्टेशन आणि मैदान ह्यांच्या मधे, सातव्या रस्त्याजवळ, एकेकाळी एक पिवळं घर होतं. बाहेरून कुणाचंही असावं असं. आत विकायला आणलेली माणसं साखळदंडाने बांधून ठेवत. न्यूयॉर्क राज्यातला सॉलोमन नॉर्थप नावाचा स्वतंत्र काळा माणूस, व्हायोलिन वाजवणारा, १८४१ साली त्याला कामाच्या आमिषाने वॉशिंग्टनला आणून ह्या घरात कोंडलं आणि तिथून लुईझियानाला विकलं. सुटायला बारा वर्षं लागली. त्या घरापासून कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, इमारत दिसायची. राजधानीतला हा बाजार १८५० मध्ये बंद झाला. आम्ही दोघी त्या जागेवरून हातात चहाचा थर्मास घेऊन, हसत गेलो होतो.

मैदानात जागा मिळाली ती पार मागे. कॅपिटॉलचा घुमट नखाएवढा, पण समोर मोठा पडदा होता. मी घरून सोलापुरी चादर नेली होती, ती अंथरली, दुसरी दोघींच्या खांद्यावर घेतली. बाईंनी जांभळी टोपी घातली होती, चर्चची, वर लोकरीचा स्कार्फ बांधून. अजून सहा तास होते.

इतका वेळ एका चादरीत बसल्यावर माणसं खरं बोलतात. बाई म्हणाल्या, "परवा चर्चमध्ये आम्ही दोन पोरांसाठी प्रार्थना केली. ह्याच्यासाठी," पडद्याकडे हात करून, "आणि ऑकलंडच्या त्या पोरासाठी." ऑकलंडचा म्हणजे ऑस्कर ग्रँट. बावीस वर्षांचा. १ जानेवारीच्या पहाटे स्टेशनच्या फलाटावर पालथा पाडलेला असताना पोलिसाच्या गोळीने गेला. त्याला वीसच दिवस झाले होते. अठरा लाख लोक जमल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. त्यातल्या किती जणांच्या मनात त्या सकाळी तो मुलगा होता मला माहीत नाही. बाईंच्या होता, आणि तरी त्या सणाला निघाल्यासारखी टोपी घालून आल्या होत्या. त्यांना ह्या दोन गोष्टींत काही ओढाताण वाटत नव्हती. मलाच वाटत होती. मी म्हटलं, आजच्या दिवशी नको ते. तर म्हणाल्या, "आजच तर. रोज कोण ऐकतं?"

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का.

हा प्रश्न त्यांनी पूर्वीही एकदा विचारला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, होतं पूर्वी, आता नाही. सुशिक्षित मराठी माणूस परदेशात जे सांगतो तेच. त्या सकाळी मात्र मी त्यांना पेल्याची गोष्ट सांगितली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आजीच्या घरी परसात, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात जर्मनचा एक पेला पालथा घातलेला असायचा. कड चेमटलेली, बूड काळं. गोठा साफ करायला, लाकडं फोडायला एक म्हातारे यायचे. काम झालं की ते कोनाड्यातून पेला काढायचे, धुवायचे, ओट्याखाली उभे राहून पुढे धरायचे, आणि आजी वरून चहा ओतायची. धार लांब. पिऊन झालं की पुन्हा धुवायचे, पुन्हा पालथा घालायचे. एकदा खेळताना मी तो पेला हातात घेतला. आजी रागावली नाही. आजी फार मायाळू होती. तिने मला जवळ घेतलं, साबणाने हात धुतले, लुगड्याच्या पदराला पुसले आणि म्हणाली, तो आपला नाही गं. एवढंच. हे १९७० च्या दशकातलं. महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ साली पाणी हातात घेतलं, त्याला तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या आजीला नावं ठेवली नाहीत, मला बरं वाटेल असंही काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना जातीवरून हाक मारायचो, पुढे नुसतं 'म्हातारं'. मी चाळिशीच्या घरात आले होते, ती चहाची धार मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आईला फोन केला. तिला आठवेना. तिने काकांना विचारलं, काकांनी गावातल्या एकांना. तीन आठवड्यांनी नाव कळलं. ते मी बाईंना जाऊन सांगितलं आणि त्यांनी दोनदा म्हणून उच्चार नीट करून घेतला. इथे लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं गावात आहेत आणि त्यांना न विचारता लिहायचा मला हक्क नाही.

जोतिबा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच भागातलं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांच्या दास्यविमोचनासाठी झीज सोसली. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यात लिहिली. पुण्यात बसून, अमेरिका न पाहता. त्या वेळी ती आशा खोटी नव्हती. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता, अमेरिकेच्या संसदेत काळे सदस्य बसत होते. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्र सरकारचं सैन्य हललं आणि ते सगळं हळूहळू हिसकावून घेतलं गेलं. मताचा हक्क परत मिळायला १९६५ उजाडलं. फुले चुकले का? मला तसं वाटत नाही. लांबच्या देशातली आनंदाची बातमी ऐकून त्यांनी पेढे वाटले नाहीत, आपल्या घरातला कोनाडा दाखवला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांची वस्ती हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या काळ्यांच्या अर्जाची चौकशी केली. डू बॉइसनी त्याला उत्तरही दिलं. ह्या दोन समाजांची ओळख जुनी आहे. ती आपल्याकडून तुटली.

तुटली हे मी जबाबदारीने लिहिते. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड ह्या शीख माणसाला सांगितलं, तू गोरा नाहीस म्हणून तुला नागरिकत्व नाही. आपल्याला ह्या देशाचं दार उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने. तो कायदा, मताच्या हक्काचा कायदा आणि त्याआधीच्या वर्षीचा नागरी हक्कांचा कायदा, सगळं एकाच लाटेतलं. त्या लाटेसाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागत निघालेल्यांची डोकी फुटली, ती कुणा जोशी-पाटलांची नाहीत. आणि त्या दारातून आत येऊन आपण काय करतो? गणपतीला जमतो, मोदक खातो आणि नव्याने आलेल्या जोडप्याला सांगतो, त्या भागात घर घेऊ नका, तिथे 'ते' लोक जास्त आहेत. आपल्यात त्यांच्यासाठी एक शब्दही आहे. मी तो ऐकून गप्प बसलेली आहे, कितीतरी वेळा. त्या मैदानावर बाईंच्या खांद्याला खांदा लावून बसले असताना मला ती प्रत्येक वेळ आठवली.

अकराच्या सुमाराला सगळे उठून उभे राहिले. गायिका अरीथा फ्रँकलिन आली, करड्या रंगाची टोपी, त्यावर भला मोठा बो. पडद्यावर ती दिसताच आमच्या आसपासच्या सगळ्या बायका आनंदाने ओरडल्या. बाईंनी स्कार्फ सोडला. थंडीने कान लाल होत होते, पण टोपी दिसली पाहिजे म्हणाल्या.

मग शपथ. एवढ्या लोकांचा आवाज एकदम थांबला. आणि सरन्यायाधीश शब्द चुकले. एक शब्द जागचा हलला, ओबामा थांबले, पुन्हा सुरू झाले, कसंबसं पूर्ण झालं. लोकांनी आकाश डोक्यावर घेतलं. लहान-मोठे कागदी झेंडे, रडणं, मिठ्या. मीही रडत होते. वळून बघते तर बाई तशाच उभ्या, माझा दंड घट्ट धरून. "चुकलं," म्हणाल्या. "पुन्हा म्हणायला लावा त्यांना. चुकलं ते. उद्या कोणीतरी म्हणेल, झालीच नाही."

मी समजूत घातली. अहो, घटनेप्रमाणे बारा वाजले की तो अध्यक्ष झालाच. पण त्या ऐकेनात. त्यांच्या गावात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून दहा वर्षं शाळेला लागू झाला नव्हता. शाळा किती लवकर एकत्र करायच्या ते सांगणाऱ्या १९५५ च्या दुसऱ्या निकालातल्या 'योग्य त्या वेगाने' ह्या शब्दांत त्यांचं बालपण गेलं होतं. कागदावरचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. भाषण सुरू झालं. साठ वर्षांपूर्वी ज्याच्या बापाला इथल्या खाणावळीत कदाचित वाढलं नसतं तो माणूस आज शपथ घ्यायला उभा आहे, असं ते म्हणाले तेव्हा कुठे त्यांनी माझा दंड सोडला आणि चादरीत तोंड खुपसून रडल्या.

आणि गंमत नाही, खरंच २१ तारखेच्या संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, खबरदारी म्हणून. २२ ला सकाळी मी कोट काढायच्या आत बाई लॅबच्या दारात. "घेतली ना?" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना केक आणला. त्यांचा सण खरा त्या दिवशी झाला.

कॅपिटॉलच्या घुमटावरची मूर्ती मैदानातून दिसत नाही म्हटलं तरी चालेल. साडेएकोणीस फूट उंच, ब्राँझची, नाव स्वातंत्र्य. तिची गोष्ट मी वाचली ती त्या वसंतात, आणि वाचल्या वाचल्या बाईंना सांगितली. मूर्तीचा प्लास्टरचा नमुना जोडून ठेवलेला होता आणि त्याचे भाग कुठून सुटतात ते कुणाला उलगडेना. ओतशाळेतल्या फिलिप रीड नावाच्या गुलामाने डोक्यावर लोखंडी कडी बसवली, कप्पीने हलकेच ओढ दिली, आणि जिथे चीर पडली तिथे सांधा दिसला. मूर्ती ओतण्याच्या कामावर तो होता. त्याची आठवड्याची मजुरी मालकाला जायची. रविवारची त्याच्या हातात. ३३ रविवारांचे ४१ डॉलर २५ सेंट. पावतीवर सही म्हणून फुली. १८६२ च्या एप्रिलमध्ये राजधानीतले गुलाम मुक्त झाले, पण नुकसानभरपाई मालकांना. मालकाने अर्जात त्याचं वर्णन केलं: ठेंगणा, दिसायला विशेष नाही, पण बुद्धीने तल्लख. त्याच्याबद्दल मालकाला मिळाले ३५० डॉलर ४० सेंट. २ डिसेंबर १८६३ ला मूर्ती घुमटावर चढली तेव्हा फिलिप रीड स्वतंत्र होता.

बाईंनी पाकीट ओढलं, कानामागची पेन्सिल काढली. "एकेक डॉलर दिला दर रविवारी, तेहेतीस गेले. उरले सव्वाआठ. पाव-पाव दिला..." ओठ हलत होते. "सव्वा डॉलर. रविवारचा हिशोब बरोबर आहे." त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाल्या, "सोमवार ते शनिवार?"

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी फार्मव्हिलला गेलो, माझी मुलगी गाडी चालवत होती. मोटन हायस्कूलचं आता संग्रहालय आहे. रेडिओवर फर्ग्युसनची बातमी चालू होती, पोलिसाच्या गोळीने गेलेला मायकेल ब्राऊन, अठरा वर्षांचा. बाई खिडकीबाहेर तंबाखूची शेतं बघत होत्या. २००९ ची ती सकाळ खोटी होती का, असं मुलीने विचारलं. तिच्या वयाला शोभणारा प्रश्न. बाई म्हणाल्या, "मी होते तिथे. खोटी कशी असेल?" संग्रहालयात एका भिंतीवर बंद शाळांच्या वर्षांतल्या मुलांचे फोटो आहेत. त्यात त्या स्वतःला शोधत बसल्या नाहीत. सभागृहात गेल्या, जिथे बार्बरा जॉन्सने बूट आपटला होता, आणि पहिल्या रांगेत बसून राहिल्या. कॅपिटॉलमधला व्हर्जिनियाचा लीचा पुतळा २०२० च्या डिसेंबरात काढला आणि त्या जागी बार्बरा जॉन्सचा बसवायचं ठरलं, तेव्हा बाईंचा फोन आला. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "पायात बूट दाखवणार का गं तिच्या?"

पण मला सारखी आठवते ती त्या दिवसाची परतीची मेट्रो. चार वाजले असतील. पाय दगड झाले होते, चादरी ओल्या, थर्मास रिकामा. समोरच्या बाकावर एक तरुण काळी आई आणि तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा, कागदी झेंडा मुठीत धरून तिच्या मांडीवर गाढ झोपलेला. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग वाकून आईला विचारलं, कितवीत आहे.

"तिसरीत," ती म्हणाली. "उठवायला हवं आता. नाहीतर रात्रभर जागेल आणि उद्या शाळा आहे."

"उद्या शाळा आहे," बाई म्हणाल्या.

त्या आईला वाटलं ऐकू आलं नाही म्हणून विचारतायत. तिने पुन्हा सांगितलं, हो, उद्या शाळा आहे. बाईंनी मान हलवली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ग्रीनबेल्ट येईपर्यंत तिच्यावरची धूळ हळूहळू झटकत राहिल्या.